काळ्या केलेल्या ओळी

शर्वरीच्या कवितेपुढे उभ्या असलेल्या दोन बायका मला बघून गप्प झाल्या. बोलणं संपलं म्हणून गप्प होणं वेगळं आणि माणूस बघून गप्प होणं वेगळं. इतकी वर्षं सोसायटीत काढल्यावर एवढं मला कळतं. त्यातली एक श्रद्धा, मराठी मंडळाची चिटणीस, आमच्याच तरसालीची, मागच्या गल्लीतली. तिनं माझा हात हातात घेतला आणि "आता कशी आहे तब्येत?" असं इतक्या हळू विचारलं की मलाच वाटलं, माझं काही खरं नाही. दुसरी तर माझ्याकडे बघेचना. चष्मा पुसत ती पुढच्या बोर्डाकडे सरकली. "बरी आहे की," मी म्हटलं. "काळजात एक स्प्रिंग बसवलीय, बाकी सगळी जुनीच मी." श्रद्धा हसली नाही. एरवी ती माझ्या फुसक्या विनोदांनाही हसते. "शर्वरीनं फार सुंदर केलीय हं कविता," एवढं बोलून तिनंही काढता पाय घेतला, आणि मी त्या कागदापुढं एकटी उरले. ऑपरेशन झाल्यापासून असं काही झालं की मी आधी छातीवर हात ठेवून बघते, तसा ठेवला. छाती ठीक होती.

लहरीपुऱ्याच्या बाजारातून आत वळलं की मंडळाचा हा हॉल. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. स्पर्धा कॉलेजच्या मुलांची, 'बातमीतून कविता'. वर्तमानपत्रातली एक बातमी घ्यायची, त्यातले हवे तेवढे शब्द ठेवायचे आणि बाकी सगळं जाड काळ्या पेनानं बुजवून टाकायचं. जे उरेल ती कविता. कविता मराठीच हवी, असा मंडळाचा आग्रह. पण बडोद्यात मराठी वर्तमानपत्र येतं कुणाच्या घरी? म्हणून गुजराती पेपर चालेल असं ठरलं. दोन्ही भाषांत नांदणारे शब्द शोधायचे, प्रत्यय आणि कानामात्रा पेन्सिलीनं घालायची मुभा, आणि खाली सगळं देवनागरीत नीट लिहून काढायचं. शर्वरी पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर त्या काळ्या पेनाचा वास सोडत होती. मी बघायला गेले की कागद उलटा घालायची. "आई, झाल्यावर दाखवीन ना." झाल्यावरही तिनं दाखवली नाहीच. निवड झाल्याचं मला कळलं तेही श्रद्धाच्या फोनवरून.

कागदावर बहुतेक सगळं काळं होतं. इतर मुलांनी निदान अर्धी बातमी तरी जिवंत ठेवली होती. कुणाची पतंगाच्या मांज्याची, कुणाची रस्त्यावरच्या खड्ड्यांची. शर्वरीनं मात्र असं दाबून दाबून रंगवलं होतं की कागदाला कुठं कुठं सुरकुत्या पडल्या होत्या. मधूनच एखादा शब्द खिडकीतून डोकवावा तसा उरलेला. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

घर
रस्ता
लोक दूर उभे
वखत
फरार

मी दोनदा वाचलं. कवितेतलं मला फारसं कळत नाही, पण वाचून बरं वाटलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीनं असं का लिहावं? घरात काय कमी आहे हिला? वरच्या काळ्या चौकोनात काय होतं ते कळलं असतं तर काही अंदाज आला असता, पण माझी गंमत अशी की मला गुजराती बोलता येतं, समजतं, भाजीवाल्याशी तासभर भांडता येतं, वाचता मात्र येत नाही. मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा ती बिनरेघेची अक्षरं मला दोरीवरून खाली पडलेल्या कपड्यांसारखी वाटायची. नयनाबेननं किती प्रयत्न केले. समोरच्याच बंगल्यातली, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन सुरतेला. दुपारी माझ्या ओट्याशी बसून ती पीठ सांडलेल्या ताटात बोटानं अक्षरं काढायची. "निरुबेन, आ जुओ, क. आमां शुं अघरुं छे?" यात काय अवघड आहे! मी ते ताट हलवून पीठ सपाट करायची आणि म्हणायची, "तमे छो ने वांचवा माटे." तुम्ही आहात ना वाचायला. ती कपाळाला हात लावायची, पिठाचा हात, आणि मग आम्ही दोघी हसत सुटायचो.

नयनाबेनची आठवण आली आणि मला नेहमीसारखा राग आला. माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ही बाई एकदाही हॉस्पिटलात फिरकली नाही. अख्खी सोसायटी येऊन गेली, पेपर टाकणारासुद्धा सफरचंदं घेऊन आला, आणि जिच्याबरोबर मी रोजचा चहा प्यायले, ती नाही. गजेंद्र म्हणाले, तिला अचानक सुरतेला जावं लागलं, मुलीचं बाळंतपण अवघड झालं, बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय, तिला श्वास घ्यायला वेळ नाही. ठीक आहे. पण एक फोन? मी लावला तर बंद. समोरचं दार बंद, अंगणातली तुळस वाळलेली. मी शर्वरीला सांगून तिला पाणी घालायला लावलं, तेही चडफडत. दोन महिने मी मनात तिच्याशी भांडते आहे. ती आली की पहिला दिवस तिच्याशी बोलायचं नाही, हे तर मी ठरवूनच टाकलंय. दुसऱ्या दिवशी ती ढोकळा घेऊन येईल, मी नाक मुरडीन, आणि मग होईल सगळं सुरळीत.

"चल, खुर्च्या भरायला लागल्या." गजेंद्र आले आणि नेमके माझ्या आणि बोर्डाच्या मध्ये उभे राहिले. आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झाले, पण अजून कुठंही उभे राहिले तरी पाइपलाइन अडवल्यासारखे उभे राहतात. मी म्हटलं, "अहो, काय बातमी होती ही? तुम्हाला गुजराती वाचता येतं ना, सांगा." ते म्हणाले, "काळं केलंय सगळं, काय वाचणार?" "वरचा मोठा शब्द काळ्याखालूनही दिसतोय," मी म्हटलं. "त, र, स... तरसाली आहे ना हे?" इतकी वर्षं बसच्या पाट्या बघून तेवढं एक नाव मला ओळखता येतं. गजेंद्रनी मागं वळून न बघताच सांगितलं, "हां, म्हणजे काहीतरी रस्त्याच्या कामाचं असेल. तरसालीत कायम खणतातच." माझ्या मनगटावर त्यांनी बोटं ठेवली. ऑपरेशनपासून ही त्यांची सवय झाली आहे, धड धरतही नाहीत, सोडतही नाहीत, नाडी मोजतात. "फार वेळ उभी राहू नकोस. खरं तर आपण निघूयाच. शर्वरी येईल रिक्षानं." मी त्यांच्याकडे बघितलं. दोन महिने हाच माणूस मला सांगत होता की घरात कोंडून बसू नकोस, बाहेर पड, चार माणसांत जा. आणि आज सकाळपासून एकच पालुपद, नको येऊस, गर्दी असेल, जिने आहेत, एसी चालत नसेल. सकाळी मी साडी नेसून तयार झाले तेव्हा शर्वरीचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, पोरगी आईची लाज बाळगायला लागली. मनाला लागलं माझ्या. म्हणूनच मी हट्टानं आले.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पुढं स्टेजवर लाकडी टेबल, त्यावर माइक, आणि परीक्षक धनाजीराव. हे धनाजीराव म्हणजे बडोद्याच्या जुन्या अधिकारी घराण्यातले, संस्कृतचे प्राध्यापक होते, ऐंशी ओलांडली तरी कोट घालून येतात. नियम म्हणजे नियम हा त्यांचा जप. पहिल्या रांगेत शर्वरी बसली होती. निवडलेल्या पाच जणांत तिचा नंबर चौथा. तिनं मागं वळून आमच्याकडे बघितलं, आधी बापाकडे, मग माझ्याकडे, आणि लगेच मान फिरवली. बापलेकींचं काहीतरी चाललंय, हे मला गेले दोन महिने जाणवत होतं. मी खोलीत गेले की यांचं बोलणं थांबायचं. मला वाटायचं, माझ्या आजाराचं बोलत असतील. डॉक्टरनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि हे लपवतायत, अशी माझी समजूत. रात्री पडल्यापडल्या मी छातीतले ठोके ऐकायचे आणि हिशेब मांडायचे की मी किती दिवसांची सोबती. सोसायटीतल्या बायकाही अचानक गोड वागायला लागल्या होत्या. जी नलिनी पार्किंगवरून माझ्याशी वर्षभर बोलत नव्हती, ती रस्त्यात थांबून माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी घरी येऊन गजेंद्रना विचारलं, "खरं सांगा, मी मरतेय का?" ते इतके मनापासून हसले की माझ्या जिवात जीव आला. पण मग लोक माझ्याकडे अशी दया येऊन का बघतात, या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही.

धनाजीराव उठले. माइकवर दोनदा टकटक केली. "एक छोटा बदल आहे. मुलांनी कविता वाचायचीच आहे, पण त्याआधी मूळ बातमी वाचायची. पूर्ण. कविता कुठून काढली ते कळल्याशिवाय तिची परीक्षा कशी करणार? प्रत्येकाच्या प्रवेशिकेबरोबर बातमीची कोरी झेरॉक्स आहेच. माझ्याकडे एक, वाचणाऱ्याकडे एक. नियम सगळ्यांना सारखा." माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली. गजेंद्र माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मला जरा गरगरतंय. चल, बाहेर जाऊ." त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता. मी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली. "ही चघळा. बाहेर ऊन आहे." त्यांनी गोळी हातात धरून ठेवली. समोर शर्वरी उठून धनाजीरावांच्या टेबलाशी गेली होती, त्यांना काही सांगत होती. धनाजीरावांनी मान हलवली. ती परत सांगायला लागली. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि प्रेमानं तिचा खांदा थोपटून तिला जागेवर बसायला सांगितलं.

पहिला मुलगा तन्मय नावाचा. त्यानं पाणीगेटला दोन दिवस पाणी येणार नाही ही बातमी वाचली, महापालिकेच्या सगळ्या दिलगिऱ्यांसकट, आणि मग कविता, 'पाणी नाही, सूचना आहे'. हॉलभर हशा पिकला. "सरस!" कुणीतरी मागून ओरडलं. मीही हसले असते. पण मला हसता येईना, कारण माझं डोकं भलतीकडेच लागलं होतं. बातमी वाचायची म्हटल्यावर या दोघांना एवढं काय झालं? बातमी तर पेपरात छापून आलेली. म्हणजे ती आमच्या घरी आली होती. रोज सकाळी गजेंद्र मला पेपर वाचून दाखवतात, लग्नापासूनचा रिवाज. मी भाजी निवडते आणि ते वाचतात. आधी गुजरातीत वाचायचे, मग मी म्हटलं तेच मराठीत सांगा, कानाला बरं वाटतं, तेव्हापासून ते मनातल्या मनात भाषांतर करून मराठीत वाचतात. भाव, भानगडी, पुढाऱ्यांची भांडणं, सगळं. ऑपरेशननंतर मात्र फार बदललं होतं. कमाटीबागेत गुलाबांचं प्रदर्शन, केसर आंबा यंदा लवकर, कुठल्याशा शाळेच्या मुलांनी झाडं लावली. मी एकदा म्हटलंही, "अहो, बडोद्यात हल्ली चोऱ्याबिऱ्या होत नाहीत का?" ते म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, टेन्शन नको." मला ते पटलं होतं. उलट कौतुकच वाटलं होतं.

दुसरी मुलगी वाचत होती, तिसरा वाचत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. घर. रस्ता. लोक दूर उभे. तरसाली. या शब्दांना मी मनात खालीवर करत होते. फरार कोण होतं? चोर, खुनी, नाहीतर गाडी ठोकून पळणारा. रस्ता म्हणजे गाडी. तरसालीत कुणाला गाडीनं ठोकलं, आणि ते मला कळू नये म्हणून इतकी माणसं तोंडाला कुलूप घालून बसली? मी घरी आले तो दिवस मला आठवला. हॉस्पिटलातून आणून मला खिडकीशी पलंगावर झोपवलं होतं. संध्याकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेतून भजनाचा आवाज येत होता, पेटी, झांजा, खूप माणसांची पावलं. मी विचारलं, "काय आहे हो?" गजेंद्र खिडकीचा पडदा ओढत म्हणाले, "सत्यनारायणाची कथा आहे कुणाकडे तरी." मी पडल्यापडल्या हात जोडले. वर म्हटलं, "मग प्रसाद आणा ना, देवाचा आहे, एक घास खाल्ला तर काही होत नाही." ते गेले आणि बऱ्याच वेळानं द्रोणातून शिरा घेऊन आले. त्याला तुळशीचं पान नव्हतं. केळंही नव्हतं. हॉटेलातल्यासारखा गच्च डालड्याचा शिरा. मी तो कपाळाला लावून खाल्ला होता. बडोद्यात कुणी गेलं की बेसणं ठेवतात, पांढरे कपडे घालून सगळे येतात, मधे फोटो, आणि असंच भजन म्हणतात. आम्ही मराठी माणसंही आता बेसणंच ठेवतो. इतकी बेसणी मी स्वतः केली आहेत, नयनाबेनच्या नवऱ्याच्या बेसण्याला तर मी दारात उभी राहून लोकांना पाणी दिलं होतं, आणि तरी मला तो आवाज ओळखू आला नाही.

नाही, असं होणार नाही. मी स्वतःलाच दटावलं. सुरतेला आहे ती. बाळ काचेत आहे. मी बाळासाठी दुपटंसुद्धा शिवायला घेतलंय, शर्वरीच्या जुन्या फ्रॉकचं. शर्वरीनं ते बघितलं होतं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ आत राहिली होती.

"शर्वरी," असं धनाजीरावांनी पुकारलं. ती स्टेजवर गेली. उंच आहे माझी मुलगी, पण तेव्हा खांदे असे आत घेतले होते की मला ती शाळेतली वाटली. तिनं कागद दोन्ही हातांनी समोर धरला, चेहऱ्यापुढेच. मग वाचायला लागली. गुजरातीत, घाईघाईनं. कमाटीबागमां गुलाबनां फूलोनुं प्रदर्शन. लाल, पिवळे, पांढरे गुलाब, लोकांची झुंबड, लहान मुलांना प्रवेश मोफत. मी ऐकत राहिले. हा आवाज तिचा होता, पण वाचणं तिच्या बापाचं होतं. तसंच प्रत्येक वाक्याच्या आधी थोडंसं थांबणं, पुढं काय सांगावं ते ठरवायला. रोज सकाळी भाजी निवडताना मी तेच थांबणं ऐकत होते आणि मला वाटायचं, ते भाषांतर करतायत.

धनाजीराव त्यांच्या हातातल्या झेरॉक्सवर बोट फिरवत होते. बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला. "एक मिनिट, बेटा. हे इथं नाहीये. तू कुठली वाचतेस?" शर्वरीनं हातातला कागद दुमडला. "चुकून दुसरा कागद आलाय का? हा घे माझा." त्यांनी आपला कागद पुढं केला. तिनं तो घेतला नाही. "बेटा, बातमी वाचली नाही तर मला कविता बाद करावी लागेल. इतकी चांगली कविता आहे." हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. श्रद्धा बाजूच्या दारातून धावत येऊन धनाजीरावांच्या कानाशी लागली, आणि मी बघितलं, त्यांची नजर लोकांवरून फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. मग त्यांनी कागद खाली ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "नियम... राहू दे. नुसती कविता वाच." आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं नियम मोडला असेल, तोही माझ्याकडे बघून. आता विचारायला काही उरलं नव्हतं. गजेंद्र उठायला लागले होते, माझा हात ओढत. "निरू, चल. तुला बरं वाटत नाहीये."

मला बरं वाटत नव्हतंच. मला इतका राग आला होता की कानात नुसतं घुमत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पेपरवाल्याला, नलिनीला, या साड्यांच्या दुकानावरच्या अनोळखी हॉललासुद्धा. मला सोडून सगळ्यांनी नयनाबेनसाठी रडून घेतलं होतं, आणि मी तिच्यावर रुसून बसले होते. तिच्याशी एक दिवस बोलायचं नाही असं मी ठरवत होते, आणि ही माणसं मला ते ठरवू देत होती. मी हात सोडवून घेतला आणि उभी राहिले. "शर्वरी," मी म्हटलं. माइक नसतानाही माझा आवाज सगळीकडे गेला. "आहे ते वाच." तिनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "आई, नको ना." "आहे ते वाच, बेटा. एक शब्द सोडू नकोस. मी उभी आहे इथं."

तिनं टेबलावरचा कागद उचलला. "तरसाली बायपास पर डंपरनी अडफेटे स्कूटरसवार महिलानुं मोत," तिनं वाचलं. मथळा वाचून ती थांबली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पुढं. ती गुजरातीतच वाचत होती, पण मला आता आठवतं ते सगळं मराठीत आठवतं. तरसालीत एकट्या राहणाऱ्या नयनाबेन सकाळी स्कूटरवरून घरातून निघाल्या होत्या. बायपासवर मागून आलेल्या डंपरनं त्यांना उडवलं. त्या जागीच गेल्या. रस्ता थोडा वखत बंद राहिला, लोक दूरपर्यंत उभे होते. डंपरचा चालक फरार. इथंवर मी उभी होते. मला माहीत होतं तेवढंच ती वाचत होती. मग तिनं कागद आणखी जवळ धरला आणि शेवटची ओळ वाचली. शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे नयनाबेन त्या वेळी हॉस्पिटलात दाखल असलेल्या आपल्या मैत्रिणीसाठी डबा घेऊन जात होत्या.

'बहेनपणी' असा शब्द होता तो. पेपरातला कुणीतरी अनोळखी माणूस, त्यानं माझं नाव लिहिलं नव्हतं, फक्त तेवढंच लिहिलं होतं. मी खाली बसले. धनाजीरावांनी डोळे मिटून घेतले होते. म्हणजे तिला सुरतेला धाडलं ते यासाठी. मेली हे लपवायला नाही, माझ्याकडे येताना मेली हे लपवायला. माझ्या आतून एक आवाज निघाला, तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. गजेंद्रनी मला धरलं. या वेळी नाडीबिडी नाही, सरळ दोन्ही हातांनी. मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडले, लोकांसमोर, तिसऱ्या रांगेत, मला कुणाची लाज वाटली नाही.

थोडं ओसरल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कुणी कळवलं?"

"पोलिसांनी. तिच्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता. मी येतेय म्हणून सांगायला तिनं लावला होता."

"तुम्ही गेला होता तिथं? बायपासवर?"

"हो."

मला तो दिवस आठवला. ते हॉस्पिटलात परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. नळावर तोंड धुतलं म्हणाले होते. आणि मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसून त्यांनी मला सुरतेची गोष्ट सांगितली होती, बाळाच्या वजनासकट. ते ऐकून मी नयनाबेनला नावं ठेवली होती, आणि हा माणूस समोर बसून ऐकत होता.

"कविता वाचू का, सर?" स्टेजवरून शर्वरीनं विचारलं. "वाच, बेटा," धनाजीराव म्हणाले.

मी गजेंद्रच्या कोटाची बाही धरली. "मला सगळं सांगा," मी म्हटलं. "तुम्ही जे बघितलंत ते. आत्ता, इथंच. काही गाळू नका."

"निरू, घरी गेल्यावर..."

"डब्यात काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्वरीनं पहिला शब्द म्हटला होता. ते थांबले नाहीत, पुढं काय सांगावं ते ठरवायलाही नाही.

"खिचडी होती," ते म्हणाले. "मी उचलली तेव्हा अजून गरम होती."